नोस्निपेट की डेटा-नोस्निपेट?

सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइट गूगल शोधात कशी दिसते ते सांगणाऱ्या गूगलच्या साधनात, इम्प्रेशन्स (निकालात किती वेळा दिसलात) आणि सरासरी क्रमांक तेवढेच, क्लिक मात्र घटलेत? मग उत्तर बहुधा निकालांच्या पानावरच मिळतंय: फीचर्ड स्निपेटमध्ये (निकालांच्या वर चौकटीत दिसणारा पानातला उतारा) किंवा २०२४ पासून एआय ओव्हरव्ह्यूमध्ये (एआयने तयार केलेला सारांश). गूगलला मजकूर किती उचलू द्यायचा, हे ठरवायच्या मार्गांपैकी दोन इथे पाहू.

पानाच्या एचटीएमएल कोडच्या हेडमधल्या रोबोट्स मेटा टॅगात (सर्च इंजिनांसाठीच्या सूचनांचा टॅग) नोस्निपेट लिहिलं की उतारा पूर्ण बंद, एआय ओव्हरव्ह्यूलाही मजकूर नाही. पण निळ्या शीर्षकाखालचं वर्णनही जातं, आणि उघड्याबोडक्या दुव्यावर कोण क्लिक करणार? सशुल्क मजकूर सोडला तर हा उपाय रोगापेक्षा जालीम.

डेटा-नोस्निपेट हा पानाचा ठरावीक भागच उताऱ्यातून वगळणारा एचटीएमएल गुणधर्म; तो फक्त स्पॅन, डिव्ह किंवा सेक्शन या टॅगांना लावता येतो. परिच्छेदाच्या टॅगवर लावाल तर उपयोग शून्य. तयार कोष्टक किंवा अंतिम आकडा त्यात झाका, प्रस्तावना उघडी ठेवा. क्लोजिंग टॅग विसरू नका, आणि हा गुणधर्म जावास्क्रिप्टने मागाहून जोडू नका. तोच आकडा स्ट्रक्चर्ड डेटात (सर्च इंजिनांसाठी कोडमध्ये ठरावीक साच्यात दिलेली माहिती) असेल तर तो तिथून दिसू शकतो.

दोन्हींत एक चूक हमखास: पान रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्येही (कोणती पानं वाचू नयेत हे सर्च इंजिनांना सांगणारी साइटची फाइल) अडवलेलं असतं. मग गूगल टॅग वाचणार कुठून? बदलानंतर सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमधून पुन्हा इंडेक्सिंग मागा.