दहा दिवसांत आठ शहरं की महिनाभर एकच गाव?

सोलापुरातून बाहेर पडून दोन्ही करून झालंय. आधी टूरवाल्याची बस: राजस्थान, दहा दिवस, आठ शहरं. जेवण-हॉटेल ठरलेलं. आई-अण्णा सोबत असतील तर हेच बरं. पण जोधपूरचा किल्ला कुठला नि बिकानेरचा कुठला, हे आज फोटो बघूनही मला सांगता येत नाही.

मग तेलंगणातल्या पोचमपल्लीत महिनाभर मुक्काम. विनोबांना १९५१ साली भूदानाची पहिली जमीन मिळाली ते हे गाव. पहिला आठवडा निव्वळ कंटाळा, खोटं कशाला बोलू. मग एका विणकर मावशींनी सुताची लड हातात दिली. आपल्या सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्डच्या, म्हणजे मागावरच्या नक्षी-यंत्राच्या, भोकं पाडलेल्या कार्डांवर असते. भोकांप्रमाणे ताण्याचे (उभे) धागे उचलले जातात आणि फूल उमटतं. इथे उलटं. विणण्याआधीच सुतावर रबराच्या पट्ट्या आवळून ते रंगात बुडवतात. बांधलेलं तेवढं कोरं राहतं. माझी गाठ सैल पडली, रंग आत शिरला, लड वाया. मावशी पोट धरून हसल्या.

खर्च? मुक्कामाचा कमीच आला. रजा मात्र बिनपगारी. आठवडाच हातात असेल तर टूरच घ्या.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली (तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजाच्या) शेजाऱ्यांचं तेलुगू जन्मभर ऐकलं, बोललो कधीच नव्हतो. परतल्यावर शेजारच्या आजींना 'बागुन्नारा?' (बरे आहात ना?) म्हटलं, तर त्यांनी सरळ घरात बोलावून चहा टाकला. आता त्यांच्याकडेच तेलुगू लिपी गिरवतोय. 'म' आणि 'य' अजून सारखेच दिसतात.