कडाक्याच्या थंडीत सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन: गॅसवाली की इनर्शियावाली?

उणे 15 अंशांत बदकांच्या शिकारीला नेलेली रेमिंग्टन 1100 आणि बेनेली एम2 या सेमी-ऑटोमॅटिक (बार झाल्यावर पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या) शॉटगन अडतात, पण वेगवेगळ्या कारणांनी.

1100 गॅसवर चालते. नळीच्या छिद्रांतून आलेला वायू पिस्टन ढकलतो, सोबत काजळीही आणतो. थंडीने घट्ट झालेल्या तेलात ती मिसळली की मॅगझिन ट्यूबवर (काडतुसं ठेवायच्या नळीवर) चिकट थर बसतो, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) पूर्ण मागे जात नाही आणि रिकामं काडतूस अडकतं. ट्यूब, पिस्टन सॉल्व्हंटने पुसून जवळजवळ कोरडे ठेवा. ट्यूबवरची रबरी ओ-रिंग चिरली तर वायू गळतो. एक जादा खिशात हवीच.

एम2 इनर्शियावर, म्हणजे जडत्वावर चालते, म्हणून तिच्यात ही काजळी नाही. पण बोल्ट चालवायला तिला बंदुकीचा मागचा धक्का लागतो. जाड जॅकेटने तो शोषला आणि काडतूस हलकं असलं की बोल्ट अपुरा मागे येतो. 32 ग्रॅम किंवा त्याहून जड छर्ऱ्यांचा भार असलेली काडतुसं वापरा. दुसरी खोड जास्त त्रासदायक: बोल्ट हाताने हळू सोडला की त्याचं डोकं फिरून पूर्ण लॉक होत नाही. पक्षी समोर, आणि ट्रिगरवर नुसतं 'टक्'! म्हणून बोल्टचं हँडल पूर्ण मागे ओढून सोडून द्यायचं.

दस्त्यातली रिटर्न स्प्रिंग (बोल्टला परत पुढे ढकलणारी) दोघींनाही आहे आणि तीच सगळ्यात दुर्लक्षित. तिथे ओल गोठली की बोल्ट सुस्तावतो. रिकामी बंदूक गरम खोलीत आणली की दव धरतं. ती उघडून पूर्ण सुकवल्याशिवाय परत थंडीत नेऊ नका.

सततच्या बर्फात मी एम2 निवडेन. हलक्या काडतुसांसाठी मात्र 1100.