जोडीने प्रवासासाठी: आरव्ही-९ए की आरव्ही-१४ए?

जळगाव-धुळ्याकडून पत्नीसह दूरच्या प्रवासाला निघण्यासाठी घरी बांधलेले विमान हवे असेल, तर अमेरिकेतील व्हॅन्स कंपनीच्या या दोन संचांचा (सुटे भाग आणून घरी जोडायच्या विमानांचा) विचार करावा लागतो. दोन्हींत आसने शेजारी-शेजारी आहेत. मागेपुढे बसून तासन् तास समोरच्याची पाठ पाहत जाणे हा सहप्रवास नव्हे.

आरव्ही-९एचे लांब, अरुंद पंख कमी वेगातही विमान सहज पेलतात, त्यामुळे उतरणे सौम्य होते आणि ११८ ते १६० अश्वशक्तीचे इंजिन पुरते. मात्र केबिन सुमारे ४३ इंच रुंद असल्याने खांद्याला खांदा लागतो.

आरव्ही-१४एची केबिन ४६ इंचांची, इंधनटाकी सुमारे १९० लिटरची (आरव्ही-९एची सुमारे १३६) आणि इंजिन २१० अश्वशक्तीचे. खानदेशात हे अधिक महत्त्वाचे ठरते, कारण वैशाखात तापलेली हवा विरळ होऊन पंखांची उचल आणि इंजिनाची शक्ती दोन्ही घटतात, आणि त्यात माहेरी न्यायची भरिताची वांगी वजनात मोजावीच लागतात. खर्च व इंधन अर्थातच जास्त.

खर्च झेपत असेल, तर माझे मत आरव्ही-१४एला. केवळ हिवाळी सकाळी उडणाऱ्यांना आरव्ही-९ए पुरेल.