स्पेस: १८८९ – घ्या, पण मंगळवाल्यांच्या बाजूने खेळा

टेबलटॉप रोलप्लेईंग, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घेत गोष्ट रंगवायचे खेळ, खेळणाऱ्यांसाठी लिहितेय. फ्रँक चॅडविकचा हा गेम १९८८ चा, गेम डिझायनर्स वर्कशॉपने काढलेला. एडिसन ईथर प्रोपेलर बनवतो, १८७० मध्ये मंगळावर पोचतो आणि पुढच्या काही वर्षांत युरोपातले देश तिथे वसाहती थाटतात, असा सगळा मामला.

मला सगळ्यात आवडलं ते ईथरचं प्रकरण. त्या काळी शास्त्रज्ञ खरंच मानायचे की प्रकाशाच्या लाटा वाहून न्यायला अंतराळात सगळीकडे ईथर भरलेलं आहे, मग १८८७ मध्ये मायकेलसन आणि मॉर्लीने क्लीव्हलंडला प्रयोग केला आणि त्याचा काही पत्ताच लागेना. गेम म्हणतो ईथर आहे, आणि एकदा म्हटल्यावर ते नीट निभावतो, म्हणजे पंखा ईथरला रेटणार, त्याला वाफ लागणार, बॉयलर उन्हावर तापणार, म्हणून सूर्यापासून लांब गेलं की जोर कमी आणि मंगळाच्या फार पुढे जाताच येत नाही. गेममधल्या मंगळावर कालवे आहेत, कारण शियापारेली या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८७७ मध्ये तसल्या रेषा पाहिल्या होत्या. हे फार सुंदर जमलंय.

नियम मात्र कच्चे. लढाई रटाळ होते, जीएमने (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने) बरंच काही स्वतः बदलून घ्यावं लागतं. पण ताकद, चपळाईच्या जोडीला सोशल लेव्हल हाही एक आकडा आहे ते झकास, कारण तेव्हा साहेबाच्या क्लबात कोण शिरणार हे त्यावरच ठरायचं.

आता खरा मुद्दा. मंगळावर लिफ्टवुड नावाचं आपोआप वर उचललं जाणारं लाकूड मिळतं, त्याची उडती जहाजं बनतात आणि इंग्रजांना ते हवंय. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानाची जहाजं इंग्रजांच्या आरमारासाठी बांधली, त्यातलं १८१७ चं त्रिंकोमाली नावाचं जहाज अजून इंग्लंडात हार्टलपूलला उभं आहे, हे माहीत असलेल्याला गेममधली मंगळावरच्या सिर्टिस मेजर भागातली इंग्रज वसाहत परकी वाटतच नाही. मंगळावरच्या बेल्जियमवाल्यांचा कारभार तर सरळ त्यांनी आफ्रिकेत काँगोत केलेल्या जुलमावरून उचललाय, आणि गेम तो क्रूरपणा लपवत नाही हे मला पटलं. तरी पुस्तकाचा एकूण ओढा साहेबांकडेच आहे, मंगळवासी बरेचदा मागे उभे असतात. आपल्याकडे खेळवताना निम्म्या ग्रुपला तरी कालव्यांकाठच्या शहरांतली पात्रं द्या, लिफ्टवुडचा सौदा त्यांच्या बाजूने चालवा, गेम तिथे सगळ्यात जास्त रंगतो.