मल्टिप्लायर बदलल्यानंतरचे नऊ महिने

अंधेरी एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये औषधांची तपासणी होते. गेल्या जुलैत जीसी-एमएसचा, म्हणजे मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून त्यांचे आयन (विद्युतभारित कण) वस्तुमानानुसार मोजणाऱ्या यंत्राचा, इलेक्ट्रॉन मल्टिप्लायर बदलला. आयनांचा क्षीण सिग्नल मोठा करणारा हा डिटेक्टर. नऊ महिने तो रोज वापरल्यावर हे लिहितेय.

जुना मल्टिप्लायर वर्षभर आधीपासून सांगत होता, आम्ही ऐकलं नाही. ट्यून केलं, म्हणजे यंत्राची जुळणी तपासली, की त्याला लागणारं व्होल्टेज थोडं वाढलेलं असायचं. १,४०० चं २,८०० झालं, पण ट्यून पास होतंय ना, मग झालं, एवढंच आम्ही बघायचो. शेवटी एका सकाळी एनडीएमएच्या (कर्करोगाचा धोका असलेली एक अशुद्धी) सगळ्यात कमी स्टँडर्डचा, म्हणजे माहीत प्रमाणाच्या नमुन्याचा, ७४ वस्तुमानाचा पीक नॉइजमधून वर येईना. २०१८ मध्ये व्हॅल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधात हे द्रव्य सापडल्यापासून त्याचा शोध घेणं आमचं नेहमीचं काम झालंय. स्टँडर्ड लावलं नसतं तर सॅम्पलमध्ये काही नाही असंच वाटलं असतं, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमचा मल्टिप्लायर हॉर्नचा. शिंगासारखी निमुळती, वाकडी काचेची नळी. तोंडाशी मोठं ऋण व्होल्टेज. आयन भिंतीवर आपटला की दोन-तीन इलेक्ट्रॉन उडतात, ते पुढे आपटून आणखी उडवतात. टोकाला पोचेपर्यंत एकाचे दहा लाखांच्या आसपास होतात. सेकंदाला दहा लाख आयन आले तरी त्यांचा स्वतःचा करंट भरतो जेमतेम ०.१६ पिकोअँपिअर. फॅराडे कपला, म्हणजे सिग्नल न वाढवणाऱ्या साध्या डिटेक्टरला, तेवढाच मोजावा लागतो. हॉर्नमधून तोच ०.१६ मायक्रोअँपिअर होऊन निघतो. नळीचा बाकही उगाच नाही. टोकाशी उरलेल्या हवेचे आयन बनून उलटे धावतात. सरळ नळीत ते वेग घेऊन तोंडाशी आपटले असते आणि खोटा सिग्नल दिला असता.

झिजतं ते आतलं अस्तर. पृष्ठभागावर बसलेल्या सेंद्रिय रेणूंवर इलेक्ट्रॉनांचा मारा होतो, कार्बनचा थर साचतो आणि प्रत्येक धडकेला कमी इलेक्ट्रॉन सुटतात. मग व्होल्टेज वाढवायचं. जितका करंट त्यातून काढाल तितकं आयुष्य कमी.

बदलायचा दिवस निघाला नेमका धो धो पावसाचा. पुरवठादाराने आणलेलं पहिलं पाकीट मी हातात घेतलं तर फॉइल सैल, आत हवा. ओल खाल्लेला हॉर्न बसवणार नाही म्हणून परत पाठवलं, दोन दिवस भांडले. दुसरं पाकीट घट्ट होतं. डीह्युमिडिफायर लावून, हातमोजे घालून भाग बसवला, पंप सुरू केला. दुसऱ्या दिवशी सकाळी कमी व्होल्टेजवर जरा बघितलं, तेव्हाही १८ चा पीक, म्हणजे पाण्याचा, २८ च्या नायट्रोजनपेक्षा दुप्पट उंच. मुंबईचा जुलै चेंबरच्या भिंतींना चिकटून आत येतो. घाई न करता तिसऱ्या दिवशी हॉर्नला पूर्ण व्होल्टेज दिलं.

सुरुवात १,१८० ला झाली, आज १,३१० आहे. बेसलाइन शांत. किंमत मात्र जबर आहे. दुसरी तक्रार सॉफ्टवेअरची: आजचं व्होल्टेज दिसतं, पण ते कसं वाढत आलं हे एका नजरेत दिसत नाही, म्हणून रोजचा आकडा रजिस्टरमध्ये हाताने लिहिते. सॉल्व्हंट डिलेही, म्हणजे इंजेक्शननंतर द्रावक निघून जाईपर्यंत डिटेक्टर बंद ठेवायचा वेळ, सुधारला. पूर्वी दोन मिनिटांचा होता आणि सॉल्व्हंट साडेतीनपर्यंत येत राहायचं. दीड मिनिट तो सगळा लोंढा, प्रत्येक इंजेक्शनला, डिटेक्टरवर! आता चार मिनिटं फिलामेंट (आयन बनवायला इलेक्ट्रॉन सोडणारी तार) आणि मल्टिप्लायर दोन्ही बंद असतात.

मार्चमध्ये आमच्या नव्या मुलीने विचारलं, "मॅडम, सिग्नल निम्मा झालाय. व्होल्टेज वाढवू?"

"थांब गं. रजिस्टर बघ आधी. आठवड्यात किती वाढलंय?"

"काहीच नाही."

"मग हॉर्नला हात लावू नकोस. सोर्स काढ."

सोर्स म्हणजे जिथे आयन बनतात तो भाग. त्याच्या प्लेटांवर तपकिरी डाग होते. तिनेच घासून, धुऊन, वाळवून बसवल्या. दुसऱ्या दिवशी त्याच व्होल्टेजला ७४ चा पीक पूर्वीच्या उंचीवर आला.