कॅटबेल्स की मॅम टॉर? आई-बाबांना एकच डोंगर दाखवायचा असेल तर

आई-बाबा इंग्लंडला आले की लंडन, बाथ, स्टोनहेंज होतं आणि मग एक दिवस बाबा विचारतात, "इथे डोंगर नाहीत का रे?" आहेत, आणि फार सुंदर आहेत. पण सुट्टीतला एकच दिवस हाताशी असतो आणि गाडी दोन नावांवर येऊन अडते: लेक डिस्ट्रिक्टमधला कॅटबेल्स आणि पीक डिस्ट्रिक्टमधला मॅम टॉर. आम्ही मँचेस्टरला राहतो. दोन्ही डोंगर मी मित्रांबरोबर केलेत आणि घरच्यांना घेऊनही केलेत. हे दोन अनुभव इतके वेगळे होते, की कोणी विचारलं तर मी आधी "सोबत कोण आहे?" हे विचारतो.

उंचीची काळजी नको. कॅटबेल्स 451 मीटर, मॅम टॉर 517. सिंहगडाला आपण जेवढं चढतो, त्याहून दोन्हीकडे कमीच चढायचं आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे ऊन दमवतं आणि इथे वारा. खाली टी-शर्टवर फिरणारा माणूस माथ्यावर कानटोपी शोधतो.

नजाऱ्याच्या बाबतीत कॅटबेल्स सरस आहे, हे आधीच कबूल करतो. तळ्याकाठच्या केझिक गावातून लाँच पकडायची, दहाएक मिनिटांत हॉज एंडच्या धक्क्यावर उतरायचं आणि लगेच सोंडेवर चढायला लागायचं. डावीकडे डरवेंटवॉटरचं पाणी आणि त्यातली झाडीने भरलेली चार बेटं, उजवीकडे न्यूलँड्सचं खोरं, मागे वळलं की 931 मीटरचा स्किडॉ. खाली तळ्याकाठी ब्रँडलहाउचं रान आहे. 1902 साली नॅशनल ट्रस्ट या निसर्ग आणि वारसा जपणाऱ्या संस्थेने लेक डिस्ट्रिक्टमध्ये पहिली जमीन घेतली ती हीच. सप्टेंबरात नेचे तांबूस व्हायला लागतात, तेव्हा ती सगळी सोंड एखाद्या जुन्या पैठणीसारखी दिसते. मॅम टॉरवर असं काही दिसत नाही. तिथून होपच्या खोऱ्यात बघताना सिमेंटचा कारखानाही डोळ्यात येतो.

तरीही आईला घेऊन मी कॅटबेल्सला पुन्हा जाणार नाही. कारण माथ्याच्या अलीकडचा तो रॉक पॅच.

चढताना त्याचं काही वाटत नाही. हात टेकवत, खाचेत पाय रोवत माणूस वर येतो. आपल्या ट्रेकर मंडळींना तर तो पॅच म्हणावा की नाही असाच प्रश्न पडेल. पण तिथला दगड स्लेटच्या जातीचा आणि वर्षानुवर्षं हजारो बुटांनी घासून घासून गुळगुळीत झालेला. नेमक्या जिथे पाय ठेवायच्या जागा, त्याच सर्वांत जास्त झिजलेल्या. आपल्या कातळाला बूट धरतो, ओला नसेल तर. हा कोरडा असतानाही भरवसा देत नाही, आणि त्या दिवशी आम्ही माथ्यावर डबा उघडला तेवढ्यात भुरभुर सुरू झाली.

उतरताना आई पहिल्याच टप्प्यावर थांबली. खाली चढणाऱ्यांची रांग, मागे उतरणाऱ्यांची. कोणी एका शब्दाने घाई केली नाही, उलट दोघांनी हात पुढे केला. पण आपल्यामुळे दहा माणसं पावसात खोळंबली आहेत, हे तिला सहन होईना. शेवटी बसून, सरकत, एकेक पाय माझ्या हातावर टेकवत ती उतरली. मोजून बघितलं नाही, पण मला तो अर्धा तास वाटला. लाँचमध्ये बसल्यावर तळं कसं दिसत होतं हे मी विचारलं, तर म्हणाली, "मी दगडाकडेच बघत होते रे."

हा पॅच टाळता येतो, हेही सांगायला हवं. हाय ब्रँडलहाउच्या धक्क्यावर उतरून हॉज गेटच्या खिंडीतून वर जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. मात्र ती वाट बरीच उभ्या पायऱ्यांची आहे. गुडघ्यांची तक्रार असेल तर तीही विचार करूनच निवडावी. शिवाय ज्या सोंडेसाठी कॅटबेल्सला जायचं, तिचा मुख्य भाग हुकतो. आणि मँचेस्टर-लंडनकडून येणाऱ्यांना गाडी नसेल तर केझिक गाठणं हेच एक काम. तिथली रेल्वे 1972 साली बंद झाली, त्यामुळे पेनरिथला उतरून पुढे बस.

पुढच्या मे महिन्यात दोघंही आले, तेव्हा मॅम टॉरला नेलं. मँचेस्टरहून रेल्वेने पाऊण तासात ईडेल. स्टेशनातून बाहेर पडून कुरणांतून चालत हॉलिन्स क्रॉसच्या खिंडीत, तिथून उजवीकडे वळून धारेने थेट माथ्यापर्यंत. या धारेवर दगडी फरशी टाकलेली आहे. पहिल्यांदा मला ती खटकली होती. डोंगरावर फरशी कशाला, असं वाटलं होतं. आईला चालताना बघितलं आणि ते मत बदललं. ती मान वर करून चालत होती. डावीकडे कॅसलटन आणि पेव्हरिलचा किल्ला, उजवीकडे ईडेलच्या खोऱ्यापलीकडे किंडरचं पठार. 1932 साली फिरण्याच्या हक्कासाठी कामगार पोरं जमीनदारांची बंदी मोडून त्या पठारावर चढली होती, हे मी सांगत होतो आणि ती ऐकतही होती. गाडीने आलात तर मॅम निकच्या पार्किंगपासून माथा जेमतेम किलोमीटरभर, पायऱ्यांनी. त्यामुळे रविवारी गर्दी असते. शक्यतो मधल्या वारी जा.

आणि मॅम टॉर हा गड आहे. माथ्याभोवती मातीची तटबंदी आणि खंदक गवताखाली अजून ओळखू येतात. आत शंभराहून अधिक सपाट केलेल्या जागा आहेत, कांस्ययुगाच्या अखेरीस लोक राहत त्यांच्या घरांच्या. बुरूज नाही, दरवाजा नाही, टाकं नाही, पण गडांवर वाढलेल्या माणसाला तटाचा उंचवटा सांगावा लागत नाही. आईने तो माझ्याआधी दाखवला. नावाचा अर्थ आईचा डोंगर असा सांगतात, हे तिला फार आवडलं.

तुम्ही दोघं-तिघं तरुण असाल, हवा कोरडी असेल आणि केझिकला मुक्काम असेल, तर कॅटबेल्सला जा. पहिली लाँच पकडा. घरच्यांना घेऊन जायचं असेल तर मला विचाराल तर मॅम टॉर.

उतरताना मात्र कॅसलटनच्या बाजूने या, म्हणजे मोडलेला रस्ता लागेल. मॅम टॉरची पूर्वेकडची बाजू सतत घसरते. वाळूच्या खडकाखाली शेलचे, म्हणजे चिखलापासून बनलेल्या ठिसूळ दगडाचे थर आहेत, पावसाचं पाणी मुरलं की सगळं सरकायला लागतं. तिथूनच शेफिल्डकडचा हमरस्ता जायचा. पिढ्यान् पिढ्या दुरुस्त्या केल्या आणि 1979 साली तो कायमचा बंद केला. डांबराचे तुकडे अजून तसेच पडलेत, काही ठिकाणी माणसाच्या उंचीइतके खचलेले. बाबांची सगळी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात, त्यातली बरीचशी घाटरस्त्यांवर. होप स्टेशनहून परतीच्या रेल्वेची वेळ होत आली होती, तरी ते एका तुटक्या कडेपाशी उकिडवे बसले आणि बोटाने डांबराचे थर मोजू लागले. किती वेळा वरून नवीन थर घातला असेल, ते बघत होते. मग उठून हात झटकले आणि म्हणाले, "शक्य होतं तेवढं केलंय रे यांनी."