पवन्याचं बी घेतलं: पाचापैकी तीन तारे

दिंडोरी रोडवर, मार्केट यार्डाच्या अलीकडे बियाण्याचं एक दुकान आहे. पुढे कुरबुर आहे म्हणून नाव लिहीत नाही. पवन्या या चाऱ्याच्या गवताचं बी नाशकात मला या एकाच ठिकाणी मिळालं. बाकी दुकानांत विचारलं की, "ताई, नेपिअरच्या कांड्या न्या ना!" सिन्नरकडचा आमचा माळ मुरमाड, पाण्याचा थेंब नाही. तिथे पाणी मागणारं नेपिअर गवत काय करणार?

नऊशे रुपये किलो. महाग वाटेल, पण बी इतकं हलकं की किलोत अर्धी गोणी भरते. मालक जाणकार आहेत. ताजं बी निजलेलं असतं, लगेच उगवत नाही, म्हणून मागच्या हंगामाचं दिलं. शेण-मातीत कालवून पहिल्या पावसानंतर वरच्यावर विस्कटा, खोल पुरू नका, म्हणाले. तसंच केलं. उगवलं, विरळ पण उगवलं.

भाद्रपदात तुरे आले आणि सासूबाई बांधावरूनच ओरडल्या, "अगं, निम्मी कुसळीय ही!" खरंच, पवन्यात निम्मं कुसळी गवत होतं. दोन्ही गवतांना काडीवर एकेकच कणीस, त्यामुळे मी फसले. कुसळीची काळपट कुसळं मात्र एकमेकांत गुंतून दोरीसारखा पीळ होतो, आणि बियाचं टोक सुईसारखं. तळहात ओला करून एक बी ठेवलं, तर कुसळ आपोआप गरगर फिरायला लागलं. असं ते बी जमिनीत घुसतं, तसंच शेळीच्या ओठातही. आमच्या दोन शेळ्यांची तोंडं सुजली.

पेंढी घेऊन दुकानात गेले. मालक म्हणाले, "बी माळावरून कापून आणतात, त्यात दोन्ही येतं." अर्धा किलो फुकट दिलं, तेही कुरकुरतच.

मला तरी त्यांना पुरतं दोषी धरवत नाही. 1973 साली दबडघाव आणि शंकरनारायण या गवताच्या अभ्यासकांनी देशातल्या गवताळ पट्ट्यांचे पाच प्रकार मांडले. आपल्या दख्खनचा प्रकार त्यात सेहिमा-डायकॅन्थियम, म्हणजे पवन्या आणि मारवेल या गवतांचा. चराई वाढली की जनावरं आधी पवन्या संपवतात, मग कुसळी पसरते, आणि तीही गेली की गुरं तोंड लावत नाहीत असली खरखरीत गवतं येतात. माळावरच कुसळी माजलीय, तर पिशवीत निव्वळ पवन्या कुठून येणार? माळढोक 2011 पासून अतिसंकटग्रस्त म्हणून सगळ्यांना ठाऊक. तो ज्या माळावर अंडी घालतो, तसला आमचा माळ सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला नालायक!

यंदा पुन्हा घेणार आहे. घेण्याआधी चिमूटभर बी ओल्या तळहातावर ठेवून बघा, काळं कुसळ जोरात फिरलं तर परत करा. दुकान दुपारी दीड ते चार बंद असतं, आणि सुट्टे पैसे न्या.